काळी न पडणारी काच

मांजर आडवं गेलं तर मला मांजराची काळजी वाटते, स्वतःची नाही... अशी मी बाई. घरात कुणी भुताखेताचं काढलं की उठून चहा ठेवायला जाते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण लिहिते.

मी अंबरनाथ एमआयडीसीत काचेवर थर चढवणाऱ्या एका युनिटमध्ये क्वालिटीला आहे. सध्या यिट्रियम नावाच्या धातूच्या थराची ट्रायल चालू आहे. रेअर अर्थ म्हणतात, त्यातलं हे. थर केसाहून कितीतरी पातळ, पण ऊन पडलं की काच गॉगलसारखी काळपट होते आणि सावलीत पुन्हा स्वच्छ. सगळं ऊन ती अडवत नाही, पण बरंच अडवते. फक्त दमट हवा शिरली की थर मरतो. मग ती साधी काचच.

अशी एक काच साहेबांना विचारून मी बाबांसाठी घरी आणली. आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये राहतो, चौथा मजला, खिडकी पश्चिमेची. बाबांचा एक डोळा काचबिंदूने गेलेला. उरलेल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, यावर थेट ऊन नको, नाहीतर हाही जाईल. आणि बाबा जन्माचे हट्टी. दुपारभर खिडकीशी खुर्ची टाकून बसणार, पण पडदा लावू देणार नाहीत. "डालग्याखाली कोंबडी झाकल्यागत वाटतं, बाय," म्हणायचे.

दसऱ्याला काच बसवली. दिवाळीनंतर सुट्टीच्या एका दुपारी मी घरी होते. बाहेर चरचरीत ऊन, आणि काच लख्ख पारदर्शक. कडेच्या सीलमधून हवा शिरून थर कधीचाच मेला होता. किती दिवस बाबा त्या उन्हात बसले असतील... आणि काच आणली कुणी, तर मी.

"बाबा, डोळ्यावर ऊन येतंय का हो?"

"कुठं येतंय? सावली तर हाय."

होती. पलंगावर ऊन, टीव्हीवर ऊन, फरशीवर ऊन — आणि खुर्चीवर सावली, हलकेच हलणारी. मी खिडकीतून वाकून पाहिलं. उन्हाच्या आड काहीच नव्हतं. खाली पार्किंग, समोर मोकळं आकाश. तपासायला नेलं तर डॉक्टर म्हणाले, डोळा छान सुधारतोय, अशीच काळजी घेत राहा. मी कसली काळजी घेतली होती, डोंबल.

मग नीट सील केलेली नवी काच बसवली. ऊन आलं तशी ती काळी झाली, पण खुर्चीसमोरचा भाग सोडून. तिथे मोठा, ओबडधोबड, ठिपक्याठिपक्यांचा स्वच्छ डाग. थर चुकला म्हणावं तर आमची साधी तपासणी आहे: काच उलटी करायची, दोष काचेत असेल तर डागही उलटा होतो. मी उलटी केली. डाग होता तिथेच राहिला. दुपार कलली तसा मात्र तो सरकत गेला, सावली सरकते तसा. म्हणजे काच तिचं काम बरोबर करत होती. तेवढ्या भागावर ऊन पडतच नव्हतं.

बाबांना विचारलं, ही सावली कसली? त्यांनी मला वेड्यातच काढलं.

"शिरीषाची. दुसरी कसली आसल?"

आता हेही सांगायला हवं. आमची बिल्डिंग आमच्याच शेतावर उभी आहे. बांधावरचा शिरीष, अगदी या खिडकीसमोरचं झाड, बाबांनी बिल्डरशी भांडून राखला होता. पुढे मुळांनी कंपाउंडची भिंत फुगली म्हणून सोसायटीने तो तोडला, बाबा ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होते तेव्हा. ते घरी आल्यावर सांगायचा धीर कुणालाच झाला नाही, आईलाही नाही. लांबचं त्यांना धुक्यातलं दिसतं, त्यामुळे खपून गेलं.

पौषात डाग विरळ झाला. काळ्या काचेत नुसते वीतभर लांबट पट्टे उरले, आणि ते मी ओळखले. पानं झडली तरी शिरीषावर वाळक्या शेंगा लोंबत राहतात. लहानपणी आम्ही त्या खुळखुळ्यासारख्या वाजवायचो. मी तिथेच फरशीवर बसले. भीती नाही वाटली, रडू आलं. नुसत्या काचेवर विसंबवेना म्हणून पडदा लावला, तर बाबा चक्क भांडले नाहीत. "पानगळ हाय. चैत्रापर्यंत लाव," म्हणाले. चैत्रात डाग पुन्हा भरला आणि मी पडदा काढला.

हे कशाने होतं, मला माहीत नाही. साहेबांना फोटो दाखवला. फोटोत डाग दिसतो, कारण दिसत नाही. ते म्हणाले, सील तपास.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, आता संध्याकाळचं खाली फिरायला हरकत नाही. बाबांनी त्याच दिवशी चपला पुसून दाराशी ठेवल्या.

"मना खाली ने, बाय. शिरीषाखाली जरा टेकतो. बुंध्याला हात लावून जाम दिवस झालं."

मी रोज काहीतरी कारण काढते. काल पाहुणे येणार होते, आज लिफ्ट बंद आहे. खाली त्या जागी पेव्हर ब्लॉक आहेत. तिथे हात लावायला काहीच उरलं नाही हे बाबांना कळलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीवर सावली येईल का, हे मला कोण सांगणार?