आ-तिंगचा डबा आणि गल्लीची भक्ती

आ-तिंगने घरात नवा देव बसवलाय आणि त्या देवाला नैवेद्याला फक्त हिरव्या पुडीतला, खोबऱ्याच्या चवीचा खाऊ चालतो, ही बातमी आमच्या गल्लीत होंग न्हाव्याच्या खुर्चीवरून उठली. होंगने म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात निळा दिवा लुकलुकतो, आतून कुणीतरी पुटपुटल्यासारखा आवाज येतो, वर हिरवी पुडी ठेवलेली असते आणि आ-तिंग तोंडही न धुता रोज सकाळी त्याच्यापुढे वाकून उभा राहतो. संध्याकाळी कचऱ्याची गाडी आपली धून वाजवत येईपर्यंत आम्ही त्या देवाची कुळकथा रचून मोकळे झालो होतो. तो लॉटरीचे आकडे सांगतो, इथवर मजल गेली. पिशव्या हातात धरून उभ्या असलेल्या दोघी-तिघींनी तर काय विचारायचं तेही मनात ठरवून टाकलं होतं.

देव वगैरे काही नव्हतं. तो होता घरचा सर्व्हर, म्हणजे दोन हार्ड डिस्कचा एक काळा डबा. आ-तिंग वाकायचा, कारण दिवा निळा आहे की लाल हे त्याला चष्म्याशिवाय दिसत नसे आणि चष्मा कुठे ठेवलाय हेही चष्म्याशिवाय दिसत नसे. हिरव्या पुडीचं म्हणाल, तर ती आमच्याकडे दवाखान्यापासून बँकेपर्यंत प्रत्येक यंत्रावर ठेवलेली असते. पुडी ठेवली की यंत्र शहाण्या मुलासारखं वागतं. ठेवत नाही तो एक वेडा, आणि यावर हसतो तो दुसरा.

आ-तिंग, म्हणजे कुओ चिन-तिंग, याने ताइनानच्या आमच्या भागातली दोन पिढ्यांची लग्नं कॅमेऱ्यात धरली. रस्त्यात मांडव घालून होणाऱ्या जेवणावळींचा तो हुकमी माणूस. त्याची एकच खोड: नवरी उठून पाहुण्यांना मद्य पाजायला निघाली की नेमकं त्याच वेळी झिंग्यांचं ताट यायचं, आणि कॅमेरा ताटाच्या मागे जायचा. आमच्यातल्या निम्म्या जोडप्यांच्या लग्नात नवरीपेक्षा झिंगे जास्त वेळ दिसतात. "झिंगे हलत नाहीत," असं त्याचं त्यावरचं उत्तर. "नवरी सारखी हलते."

धंदा सोडल्यावर त्याने कपाट उघडलं, तर टेपांना बुरशी. आमच्या हवेत लाकडाला पालवी फुटते, टेपांचं काय घेऊन बसलात. मग वर्षभर बसून त्याने एकेक टेप पुसली, चालवली, डब्यात उतरवली, आणि शेवटी सगळ्या टेपा पोत्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. आम्ही हळहळलो, तर हा छाती काढून म्हणाला, "टेपा गेल्या, लग्नं राहिली. डब्यात दोन डिस्क आहेत, दोन्हींत तेच ते. एक मेली तरी दुसरी आहे."

"माझ्या घरात उलट आहे," होंग म्हणाला. "दोघं जिवंत आहेत, पण एकमेकांशी जुळत काहीच नाही."

पुढे डबा भरला. त्याचं वय इतकं झालं होतं की नवी मोठी डिस्क घातली तर तो तिला ओळखच देईना. नवा डबा हवा होता. पण आ-तिंगच्या घरचं अर्थखातं त्याच्या बायकोकडे, लुआन वहिनींकडे. त्यांनी सांगितलं, "स्कूटरचे दोन टायर जेवढ्यात येतात, तेवढ्यात काय ते बसव. टायर मात्र या वर्षी मिळणार नाहीत."

तेव्हापासून आ-तिंग गुळगुळीत टायरांवर जपून वळतो. जुन्या सामानाच्या दुकानांतून घासाघीस करत त्याने एका हिशेबनिसाच्या कचेरीतून निघालेला संगणक उचलला, एक डिस्क कोरी घेतली, एक वापरलेली. पैसे संपले, तेव्हा पंख्याच्या जागी घरातलाच मेजावरचा पंखा लावायचं ठरलं. संगणकाचं झाकण बसेना, म्हणून तो उघडाच ठेवला. "हवेशीर आहे," तो म्हणाला. मग तारा एका रंगाच्या असाव्यात म्हणून आठवडा घालवला, तारांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात दुसरा. खरं काम तेवढं राहिलं, आणि चांद्र पंचांगाचा सातवा महिना लागला.

"अगं," आ-तिंग बायकोला म्हणाला, "जुन्यातलं उचलून नव्यात न्यायचं, बस्स. एका दिवसाचं काम."

"न्यायचं म्हणजे बिऱ्हाड हलवायचं?"

"माणसांचं नाही, लग्नांचं."

"वा," लुआन वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "सातव्या महिन्यात लग्न करत नाहीत आणि बिऱ्हाड हलवत नाहीत. तू लग्नांचं बिऱ्हाड हलवणार. चांगल्या भावांना आवतणाचं पत्रच धाड ना, म्हाताऱ्या."

चांगले भाऊ म्हणजे कोण हे इथे सांगावं लागत नाही. या महिन्यात मेलेले खालच्या लोकाचं दार उघडून वर सुटीला येतात, आणि त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही. आ-तिंग हसला. आपण शिकलेसवरलेले, असा आव आणून तारा जोडायला उठला आणि मोरीत पाय घसरून आडवा झाला. शेवाळ होतं, असं तो अजूनही सांगतो. पण विषय पुन्हा काढला नाही. नवा डबा चादर पांघरून महिना संपायची वाट पाहत बसला.

आणि जुन्यातली एक डिस्क मेली. सकाळी वाकला, तर निळ्याच्या जागी लाल.

हे त्याने घरात ठेवायचं, तर कचऱ्याच्या गाडीपाशी सांगितलं. तीस वर्षांची लग्नं आता एका म्हाताऱ्या डिस्कवर लोंबकळतायत, हे ऐकून आमची पाचावर धारण बसली. ज्यांनी आपल्या लग्नाचं चित्रण आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तेही अनाथ झाल्यासारखे बघू लागले. च्यू काकूंचं मात्र वेगळं होतं. त्यांचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. मुलाचं लग्न नवव्या महिन्यात ठरलं होतं, आणि त्या जेवणावळीत बापाचं गाणं लावायचं, असं आ-तिंगने त्यांना कबूल केलं होतं. स्वतःच्या लग्नात भरपूर पिऊन, माइक हातात धरून, च्यूने गायलेलं गाणं. त्याचा आवाज आता दुसरीकडे कुठेच नव्हता.

"काकू, महिनाभर धीर धरा," आ-तिंग म्हणाला. "तोवर मी त्याला जपतो."

"आम्ही काय करू?" कुणीतरी विचारलं. इथे त्याने गप्प बसायचं होतं.

"हिरवी पुडी," आ-तिंग गंभीरपणे म्हणाला. "पिवळी नको, यंत्र पिवळं पडतं. लाल तर नकोच. आणि तारीख उलटलेली आणून अपमान करू नका."

चौदा-पंधरा तारखेला गल्लीत भावांसाठी मोठी पंगत मांडली जाते. टेबलांवर खाऊच्या पुड्या खोक्यांनी येतात, आणि पंगत आटोपली की त्या कुठे ठेवायच्या हा प्रत्येक घराचा प्रश्न असतो. या वर्षी नव्हता. होंगने खोकंच आणलं. खिमट विकणाऱ्या बाईंनी दोन डझन आणल्या. आम्हीही आणल्या, आमचं लग्न झिंग्यांचं असलं तरी आमचंच होतं ना. आधी पुड्या डब्याच्या वर ठेवल्या, मग बाजूला, मग मागे. कपाटात जागा उरली नाही, तेव्हा दार ढकलून लावावं लागलं. आ-तिंगने कुणालाच नाही म्हटलं नाही. एवढी गर्दी त्याच्याकडे धंद्याच्या भरातही जमली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुटपुटणं थांबलं. दिवा निळा नव्हता आणि लालही नव्हता. आ-तिंगने कपाट उघडलं, तर भट्टीचं दार उघडल्यासारखा झोत अंगावर आला. पुड्या फुगून टणक झाल्या होत्या. मागची जाळी, जिच्यातून बिचारा डबा श्वास घ्यायचा, होंगच्या खोक्याने पक्की बंद केली होती. आ-तिंगने डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तव्यावरही भाकरी भाजता आली असती, पण डब्यावर लवकर झाली असती.

"काय झालं?" लुआन वहिनींनी विचारलं.

"भक्तीने गुदमरला."

बातमी पसरायला आमच्या गल्लीत वाऱ्याची गरज लागत नाही. दहा माणसं दारात, आणि प्रत्येक जण आपल्याच पुड्या ओळखून हळूच काखेत मारू लागला. आपली पुडी मागच्या जाळीपाशी नव्हती, हे सगळ्यांना शपथेवर माहीत होतं. च्यू काकू आत येऊन स्टुलावर बसल्या. त्यांनी पुडी आणलीच नव्हती. आ-तिंगने नव्या डब्याचा पंखा काढून जुन्यावर धरला, आणि त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही.

डबा गार झाला. आ-तिंगने कळ दाबली. आतून कट्ट, कट्ट, कट्ट. मग एक लांब कण्हणं. मग दिवा, लाल का होईना.

"आत्ता उतरवलं तर उतरेल," तो म्हणाला. "महिना संपेपर्यंत हा काही जगत नाही." आणि बायकोकडे बघितलं. आम्हीही तिच्याकडेच बघितलं. घसरलेल्या पायाची आठवण त्यालाही होती. वहिनींनी नको म्हणावं, म्हणजे पाप त्यांच्या माथी, असाही एक विचार त्याच्या चेहऱ्यावरून जाऊन आला.

लुआन वहिनी च्यू काकूंकडे बघत होत्या. "म्हाताऱ्या, तू उतरवलंस म्हणजे जुन्यातलं निघून जातं?"

"नाही. जुन्यातलं जुन्यातच राहतं. नव्यात त्याची दुसरी प्रत तयार होते."

"मग गाढवा, हे बिऱ्हाड हलवणं कुठे? हे तर बाळंतपण झालं. पोर काय महिना बघून जन्माला येतं? माझी आईच भावांच्या या महिन्यात जन्मली. कर सुरू."

आ-तिंगने आयुष्यात पुष्कळ यंत्रं वापरली, पण चार शब्दांत असं कुलूप काढलेलं पाहिलं नव्हतं. महिनाभर तो ज्या तोंडाने 'न्यायचं, न्यायचं' म्हणत होता, ते तोंड त्याने मिटलं आणि तार जोडली.

बाळंतपण दुसऱ्या दिवशीच्या कचऱ्याच्या गाडीपर्यंत चाललं. आळीपाळीने पंखा धरला गेला. खिमट आलं, चहा आला; पुड्या मात्र उंबऱ्याबाहेर. अधूनमधून कट्ट वाजलं की सगळे श्वास रोखायचे, आणि आ-तिंग डब्याशी जे बोलायचा ते तो बायकोशी कधी बोलला नसेल, असं वहिनींचं म्हणणं. शेवटी पडद्यावर काम झाल्याची खूण आली. जुनी डिस्क त्यानंतर एकदा चालू करून बघितली, तर तिने नुसती कट्ट केली आणि डोळे मिटले.

आ-तिंगने आधी च्यूचं गाणं लावलं. च्यू मांडवात उभा, टाय कानामागे गेलेला, सूर कुठल्या कुठे. ध्वनिवर्धक किंचाळतो आणि बरोबर त्याच वेळी कॅमेरा झिंग्यांकडे वळतो. नवरा दिसेनासा होतो, पण आवाज चालू राहतो. च्यू काकूंनी ते सबंध ऐकलं.

"तेव्हाही माझं ऐकायचा नाही," त्या म्हणाल्या. "म्हटलं होतं, खालच्या पट्टीत घे." मग डोळे पुसून त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं.

आ-तिंग ओशाळून म्हणाला, "काकू, झिंग्यांबद्दल माफ करा."

"असू दे. चांगले होते ते झिंगे."

त्या संध्याकाळी पिशव्या घेऊन आम्ही सगळे कोपऱ्यावर उभे होतो. गाडीची धून लांबून ऐकू येत होती. होंग न्हावी, ज्याच्या खोक्याने हे सगळं केलं, तो बायकोला शेजारी उभी करून, खोकं बिकं काही घडलंच नाही अशा थाटात पुढे आला.

"तिंगदादा, मग आता आमचं लग्न सुरक्षित आहे ना?"

आ-तिंगने आपली पिशवी गाडीत टाकली, हात झटकले आणि म्हणाला, "ते तुझ्या बायकोला विचार. माझ्याकडे फक्त झिंगे आहेत."