दोरावरची पुढची जागा

पास्कल फर्नांडिसचा मला जितका राग येतो, तितका सख्ख्या भावाचाही येत नाही. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरतात, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. पण रापणीच्या दोरावरची पुढची जागा सोडायला हा माणूस तयार नाही.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते समुद्रात गोल टाकून येते आणि दोन्ही टोकांचे दोर आम्ही वाळूत रांगा करून ओढतो. सगळ्यात पुढे, कंबरभर पाण्यात उभा राहील तो खरा गडी. मागे कोरड्या वाळूत दोराची वेटोळी घालायला पोरं नाहीतर म्हातारे. पास्कलही तिथूनच सुरू झाला. आवाज फुटला, मिसरूड आली, छाती भरली, तसा तो दर हंगामाला पुढे सरकत गेला. एकदा पाण्यात पोचला तो तिथेच मुक्काम ठोकून राहिला.

आता तेच शरीर उलट्या वाटेने चाललंय आणि ते सगळ्या गावाला दिसतं, याला सोडून. रविवारी चर्चला जाताना त्याची पँट जमिनीवर लोळायला लागली. त्याच्या बायकोने, वेरोनिकाने, ती खालून दुमडून शिवली. "कापड सैल झाला," हा म्हणे! डॉक्टरने सांगितलं, पाठीचे मणके झिजलेत, उंची कमी झाली. तर हा मलाच विचारतो, "बाळा, दर्या वाढलो काय रे? पाणी छातयेक लागता."

दर्या कशाला वाढतोय! तू आटलास मेल्या, असं अगदी ओठांवर आलं होतं. आमचा तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, महादू त्याला मागे घ्यायचं म्हणून मला कधीपासून सांगत होता, "तुझो दोस्त ना रे तो, तूच सांग तेका." पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

गेल्या मंगळवारी सकाळी बांगडा चांगला लागला. जाळं काठाजवळ आलं, पाणी नुसतं उसळत होतं, आणि पास्कलचा गुडघा मुडपला. तो बसलाच. आमच्या बाजूचा दोर ढिला पडला, जाळ्याची खालची कड उचलली गेली आणि बघता बघता अर्धा बांगडा निसटला.

रापणीवर दोर ढिला सोडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. मग तो सासरा असो की जावई. पास्कलने मला घातलेल्या शिव्या अजून माझ्या कानांत आहेत. त्या दिवशी मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. महादूने त्याला काखेत धरून वाळूत आणून बसवलं. मी पाण्याची बाटली पुढे केली.

पास्कल एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. मग ओरडला, "गाळी घाल रे महादू! गप कित्याक?"

महादू खाली मान घालून मासळी निवडायला लागला.

"बाळा, तू तरी घाल!"

मला घालायची होती. डोकं नुसतं तापलं होतं. त्याच्यावर, त्याच्या गुडघ्यावर, हातच्या गेलेल्या बांगड्यावर. पण त्याच्या काटकुळ्या झालेल्या पोटऱ्या दिसल्या.

"जाव दे रे, पाणी पी," एवढंच मी म्हटलं.

त्याने बाटली घेतली नाही. हात टेकत उठला, रांगेच्या शेवटी गेला आणि ओल्या दोराची वेटोळी घालू लागला. मी मागोमाग गेलो. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "आज तुमी माका म्हातारो केल्यात."