तिसऱ्या अंकातलं लग्न

माझे बाबा घरात फारसे हसत नसत. डिचोलीच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. लाटंबार्शात घर, घरामागे काजूच्या झाडांचं भाट. गावातली माणसं त्यांना शेट म्हणत आणि रस्त्यात भेटले तर बाजूला होऊन वाट देत. जेवताना बोललेलं त्यांना खपत नसे. आम्ही दोघी बहिणी त्यांच्या चपलांचा आवाज ऐकला की रेडिओ बंद करायचो. पण माघातल्या जत्रेत हाच माणूस तोंडाला रंग लावून देवळासमोरच्या मंचावर उभा राहिला की अख्खा गाव पोट धरून हसायचा.

नाटक जुनं होतं. बाबांच्या तरुणपणापासून गावात तेच होत आलेलं. एक गर्भश्रीमंत सावकार, त्याची एकुलती एक मुलगी, आणि तिचं मन जडलेला एक फाटका कारकून. सावकार त्याला पहिल्याच अंकात हाकलून देतो. मग तो दाढीमिशा लावून, आफ्रिकेतून अमाप संपत्ती घेऊन परतलेला वारस बनून येतो. ज्याला हाकललं त्यालाच सावकार आपल्या खुर्चीवर बसवतो, त्याच्या बुटांवरची धूळ स्वतःच्या उपरण्याने पुसतो. तिसऱ्या अंकात दाढी निघते, सावकार आकांडतांडव करतो, आणि शेवटी स्वतःच्याच मूर्खपणाला हसून मुलीचा हात कारकुनाच्या हातात देतो. लोकांना सगळं पाठ होतं. तरीही बाबा उपरण्याने बूट पुसायला वाकले की बायकांच्या बाजूने हसण्याची अशी लाट उठायची की पुढची दोन वाक्यं कुणाला ऐकूच यायची नाहीत.

कारकुनाचं काम करणारा आमच्याच वाड्यावरचा मास्तर बदली होऊन गेला आणि बाबा नवा मुलगा शोधू लागले. तो त्यांना खाणीवरच्या मुलांत सापडला. दोडामार्गकडचा होता, खनिजाचा ट्रक चालवायचा आणि गावात एका खोलीत आणखी दोघांबरोबर राहायचा. देवळात भजनाला बसलेला असताना बाबांनी त्याचा आवाज ऐकला आणि दुसऱ्या दिवशी त्याला बल्कांवावर बोलावून घेतलं. घराच्या दर्शनी भागातल्या त्या बसायच्या जागेतच तालमी होत असत.

तो आला तेव्हा आंघोळ करूनच आला होता, पण कानांच्या पाळ्यांमागे तांबडी धूळ तशीच होती. बाबांनी त्याच्याकडून एक प्रवेश वाचून घेतला. मग आईकडे वळून म्हणाले, "असलो चलो धा गांवांनी मेळचो ना." बाबांच्या तोंडून कुणा मुलाचं असं कौतुक मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

नायिकेचं काम करणारी नटी म्हापशाहून यायची, तीही शेवटच्या दोन तालमींना. तोवर तिची वाक्यं कुणीतरी वाचावी लागत. बाबांनी ते काम बायला दिलं. बाय म्हणजे माझी थोरली बहीण. बी.ए. होऊन घरात होती, आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. मंचावर मुलीला उभं करणं बाबांना चाललं नसतं. पण घराच्या बल्कांवावर, त्यांच्या डोळ्यांसमोर, हातात पुस्तक धरून वाचायला काय हरकत होती? बाय एका खांबाला टेकून वाचायची. तो दुसऱ्या खांबाजवळ उभा राहून बोलायचा. मध्ये बाबा खुर्चीवर बसून दोघांना दुरुस्त करत. "आवाज वर काढ गो, ती घाबरणारी मुलगी नव्हे," असं बायला सांगायचे. नाटक मराठी असल्यामुळे तालमीत बाबाही मराठीच बोलत. एरवी घरात आमचं सगळं कोकणीतच चाले.

पहिल्या वर्षीचं नाटक असं रंगलं की शेजारच्या गावांतून बोलावणी आली. पाऊस गेला, दिवाळी झाली आणि पुन्हा तालमी सुरू झाल्या. त्या वर्षी भाषेवरून गोवा पेटला होता. कोकणी की मराठी, यावरून भाऊ भावाशी बोलेनासे झाले. बाबा मराठीच्या बाजूचे. दुकानात त्यावरून गिऱ्हाइकांशी वाद घालायचे आणि घरी येऊन तावातावाने आईला सगळं सांगायचे, तेही कोकणीतून. मग आंदोलनवाल्यांनी रस्त्यांवर झाडं आडवी टाकली. बसगाड्या थांबल्या, खाणीचे ट्रकही थांबले. त्याला काम उरलं नाही. दोडामार्गला परत जायचं तर तेही सोपं नव्हतं. बाबाच म्हणाले, "जेवायला इथेच ये. तालीम तरी होईल." पंधरवडाभर तो आमच्याकडे जेवला. स्वयंपाकघराच्या दारात पाट मांडून आई त्याला वाढायची. बाय पाणी द्यायची.

काय चाललंय ते मला आधी कळलं, कारण मी आणि बाय एका खोलीत झोपायचो. ती पुस्तकाशिवाय सगळे प्रवेश म्हणायची, नायिकेचेही आणि त्याचेही. एकदा मी विचारलं तेव्हा तिने नाकारलं नाही. म्हणाली, "हांव बाबांक सांगतलें. लिपून कितें करचें ना."

लपवाछपवी न करता तिने खरंच सांगितलं. एका रविवारी बाबा बल्कांवावर पेपर वाचत बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी दारामागे होते, आई चुलीपाशी.

"बाबा, म्हाका ताच्याकडेन लगीन करपाचें आसा."

"कोणाकडेन?"

तिने सांगितलं. बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मला वाटलं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. मराठीत बोलू लागले. घरात, स्वतःच्या मुलीशी, मंचावरच्या त्या स्वच्छ, एकेक शब्द सुटा करून उच्चारलेल्या मराठीत.

"त्याच्याकडे घर नाही. जमीन नाही. उद्या खाण बंद झाली तर खायला अन्न नाही. आणि तू या घरातली मुलगी आहेस. हा विषय इथे संपला."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. बाबांसमोर ती कधी उलट बोललेली मला आठवत नाही. त्या दिवशी नाटकातल्या मुलीवरून बोलली.

"नाटकांत दर वर्सा दितात न्हय तुमी चली? मागीर?"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती परक्या भाषेत काहीतरी बोलली होती. "तें नाटक," एवढंच म्हणाले आणि चपला घालून भाटात निघून गेले.

त्या संध्याकाळी तो तालमीला आला तेव्हा बाबांनी त्याला पायरीवरूनच परत पाठवलं. काय बोलले ते ऐकू आलं नाही. एवढं दिसलं की तो ऐकताना मान खाली घालून उभा होता, आणि नंतर एकदाही वर न बघता गेला. कारकुनाचं काम पोस्टातल्या एका मुलाला दिलं गेलं. बायचं पुस्तक मागून घेतलं.

जानेवारी संपत आला होता, बसगाड्या सुरू झाल्या होत्या. एका सकाळी बाय आईला सांगून गेली. आईला सांगून, हे मुद्दाम लिहिते, कारण गावात पुढे कितीतरी वर्षं ती पळून गेली असंच म्हणत. आईने तिला आपल्या हातातल्या दोन बांगड्या दिल्या आणि बसपर्यंत सोडायला गेली. सावंतवाडीला दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. बाबा दुकानातून आले तेव्हा आईने सांगितलं. त्यांनी हातपाय धुतले, देवाला दिवा लावला आणि जेवायला बसले. त्यानंतर बायचं नाव त्यांच्या तोंडून आम्ही ऐकलं नाही.

जत्रा जवळ आली. यंदा नाटक नको, असं समितीतल्या दोघांनी घरी येऊन सुचवलं. बाबा म्हणाले, "देवाचें काम. जातलें." आईने फार समजावलं. ते ऐकेनात.

संध्याकाळची आरती झाली आणि पडदा उघडला. मी आणि आई बायकांत मागे बसलो होतो. पहिल्या अंकात कुणी हसलं नाही. गाव एवढा गप्प मी जत्रेत कधी पाहिला नव्हता. सावकार मुलीला दम देतो तो प्रवेश आला, ज्यात बाबा नेहमी काठी आपटताना स्वतःच्याच पायावर मारून घ्यायचे. त्यांनी ते केलं.  मी आईचा हात धरला. आणि मग मागच्या बाजूने, दुकानांच्या रांगेकडून, कुणीतरी ओरडलं:

"शेट, जांवय खंय गेलो?"

 मग कुणीतरी हसलं, आणि सगळे हसले. समोर बसलेले समितीतले लोक हसले, आमच्या शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली. जे हसत नव्हते त्यांनाही हसणाऱ्यांना बघून हसू आलं. इतकं हसणं त्या नाटकाला कधीच मिळालं नव्हतं. बाबा काठी धरून उभे होते. हशा थांबायची वाट बघावी लागते हे त्यांना माहीत होतं, तसे ते थांबले, आणि मग पुढचं वाक्य बोलले. त्यानंतर लोक प्रत्येक वाक्याला हसत राहिले.

त्यांनी नाटक पुरं केलं. आफ्रिकेच्या वारसाचे बूट पुसले. तिसऱ्या अंकात म्हापशाची नटी त्यांच्या पाया पडायला वाकली, तेव्हा आशीर्वादासाठी त्यांनी हात पुढे केला, पण तो तिच्या डोक्याच्या वरच थांबला. नटी वाट बघत वाकून राहिली. शेवटी पोस्टातल्या मुलानेच तिचा हात धरला आणि कुणीतरी पडदा ओढला.

घरी येऊन बाबांनी खोबरेल तेलाने तोंडाचा रंग काढला. आईने कपडा दिला तो घेतला नाही, स्वतःच्या पंच्यानेच घासत राहिले. कातडी लाल झाली तरी घासत होते. पुन्हा ते कधी मंचावर गेले नाहीत. दुसऱ्या वर्षी समितीने ते नाटकच बदललं.

उन्हाळ्यात गोवा राज्य झालं. डिचोलीत फटाके वाजले, मिठाई वाटली. बाबांनी दुकान उघडं ठेवलं, पण बाहेर आले नाहीत. कोकणी राजभाषा झाली, मराठीवर अन्याय झाला म्हणून ते खिन्न आहेत, असं बाजारातली माणसं म्हणत. तसंही असेल. माणूस कशाने गप्प झालाय हे विचारायचं धाडस आमच्या घरात कुणालाच नव्हतं.

बाय आमच्यापासून लांब नव्हती. हद्द ओलांडली की पलीकडे तिचं गाव, बसने अर्धा-पाऊण तास. आई बाजाराला जाते म्हणून जायची आणि दोडामार्गला तिला भेटून यायची. एकदा मीही गेले. मातीच्या भिंतींचं घर होतं, पण सारवलेलं, लख्ख. बाय बारीक झाली होती. तिने चहा केला, आणि घरच्या सगळ्यांची, अगदी गाईचीसुद्धा, चौकशी केली. बाबांची केली नाही.

तिला मुलगा झाला तेव्हा तिचा नवरा दुकानात आला. मी त्या दिवशी बाबांचा डबा घेऊन गेले होते. तो आत येऊन गादीपाशी उभा राहिला. "शेट, बारशाला कापड हवं होतं," म्हणाला. पुढे आणखी काही बोलायचं होतं त्याला, ते दिसत होतं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि उठून मांजरपाटाचा, मग मऊ मलमलीचा तागा काढला. कापड मोजलं, कापलं, घडी करून कागदात बांधलं.

"आणखी काय हवंय आपल्याला?"

अनोळखी गिऱ्हाइकाला विचारावं तसं, आदराने विचारलं. तो म्हणाला, "काही नाही." पुडकं घेऊन तो पायऱ्या उतरला. बाबा पुन्हा गादीवर बसले आणि मला म्हणाले, "डबो थंय दवर." मी डबा ठेवला. त्यांनी तो त्या दिवशी उघडला नाही, संध्याकाळी तसाच घरी आणला.

बरीच वर्षं अशीच गेली. माझं लग्न पेडण्याला झालं, रीतसर, पत्रिका जुळवून, नोकरीवाला मुलगा बघून. लग्नाला बाय नव्हती. नंतर बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. म्हापशाच्या इस्पितळातून घरी आणलं तेव्हा आईने कुणाला न विचारता बायला निरोप पाठवला.

ती एकटीच आली. केस पांढरे व्हायला लागले होते. बाबांच्या खाटेपाशी बसली आणि आईच्या हातातली पेजेची वाटी घेतली. चमचा त्यांच्या ओठांना लावला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. पेज गिळली. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, थांबेचना. वाकडं झालेलं तोंड थरथरत होतं. आई देवघराकडे हात जोडून म्हणाली, "वळखली. वळखली गो तुका."

डॉक्टर त्याच वेळी तपासायला आले होते. भला माणूस होता, पण त्याने नको ते सांगितलं. अशा आजारात रोग्याला उगाचच रडू येतं, डोक्यातल्या नसांमुळे होतं ते, त्याचा काही अर्थ लावू नका, असं तो म्हणाला. आणि खरंच, त्या दुपारी दूधवाला आला तेव्हाही बाबा रडले. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघूनही रडले.

आई मरेपर्यंत सांगत राहिली की त्यांनी बायला ओळखलं होतं. मला माहीत नाही.

संध्याकाळी मी बायला बसपर्यंत सोडायला गेले. रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती, आम्ही पदर नाकाला लावून कडेने चाललो होतो. ट्रकांची रांग संपली तशी तिने पदर खाली घेतला. मग म्हणाली, "म्हाका दिसतालें, एक फावट तरी बोवाळ घालतले. म्हाका घरांतल्यान भायर काडतले. तेंय चललें आसतें." बाबा एकदा तरी ओरडतील, याची ती इतकी वर्षं वाट बघत होती.

बस आली. तिने खिडकीतून हात केला नाही, मीही केला नाही. चार-पाच दिवसांनी बाबा गेले.