तुरडाळीची नदी

नानाकाका गेले, हे हॉस्पिटलमधून कळलं तेव्हा मी फ्रीवेवर अडकलो होतो... महत्त्वाच्या प्रत्येक ठिकाणी उशिरा पोचणं ही माझी जुनी कीर्ती. काका असते तर म्हणाले असते, "बाळ्या, तुझ्यावाचून कोणती घटना अडली आहे का बे?" पन्नाशीतही मी बाळ्याच.

चाळीस वर्षं नागपूरला इतिहास शिकवून काका आमच्याकडे अमेरिकेत, फ्रीमाँटला आले. इथे आजोबा लोक नातवंडं सांभाळतात. काकांनी खाल्खिन गोल नदी सांभाळली. १९३९ मध्ये मंगोलियाच्या सरहद्दीवर, त्या नदीकाठी, जपानी आणि रशियन सैन्यं काही महिने लढली, हजारो मेले, पण युद्ध कुणी जाहीरच केलं नाही. "पुस्तकात एक ओळ, अन् तीही परीक्षेला नाही," काका हळहळायचे.

ज्येष्ठांच्या व्यायामवर्गात त्यांना जपानचे तानाकाराव भेटले. ('राव' काकांनी जोडलेलं.) दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमलं. तानाकारावांचा थोरला भाऊ त्याच लढाईत गेलेला. घरी पत्र आलं, त्यात तुकडीचा नंबर आणि 'सरहद्दीवरची घटना', एवढंच. मुलगा कुठे पडला, हे आईला मरेपर्यंत कळलं नाही. काकांनी तो नंबर वहीत उतरवला आणि वर्षभर लायब्ररीतून नकाशे मागवत राहिले.

मग एका शनिवारी आमच्या डायनिंग टेबलावर रणांगण मांडलं: तुरडाळीची नदी, मसुरीचे रशियन, तांदळाचे जपानी. तानाकाराव दुसऱ्या दिवशी यायचे होते. काका जरा आडवे झाले आणि मी, बायकोला मदत म्हणून, टेबल आवरून सगळं धुऊन कुकरला लावलं. नदीसकट दोन्ही सैन्यं तीन शिट्ट्यांत शिजली.

काकांनी ताटाकडे पाहिलं. "काहून रे, शस्त्रसंधी तू केलास?" मग खिचडी दोनदा वाढून घेतली, आणि जेवण होताच पुन्हा डाळ मांडायला बसले. संध्याकाळपर्यंत नदी वाहायला लागली होती.

रविवारी त्यांनी नदीच्या पूर्वेला एका टेकडीवर पेन्सिल टेकवली. "तुकडी इथं होती, तानाकाराव. शेवटपर्यंत. माणूस नेमका कुठं, ते मला माहीत नाही. खोटं सांगणार नाही."

तानाकाराव बराच वेळ वाकून बघत राहिले... "इथं होता," ते म्हणाले. "आईच्या फोटोला सांगतो." टेकडीवरचा तांदळाचा एक दाणा त्यांनी रुमालात बांधून नेला.

उरलेलं सैन्य काकांनी स्टीलच्या डब्यात भरलं आणि खास माझ्यासाठी वर चिठ्ठी चिकटवली: 'युद्ध. शिजवू नये.'

काल तानाकारावांचा फोन आला. टेकडी पुन्हा एकदा बघायची आहे म्हणाले. सकाळपासून मी तो डबा उघडून निवडत बसलोय. वहीतला काकांचा नकाशा समोर आहे, तरी नदीचं वळण चुकतंय, मोडतोय, परत मांडतोय... ते चारला येणार आहेत. आज मात्र उशीर चालणार नाही.