आक्काच्या एकवीस गाठी

प्रिय गार्गी आणि ईशान,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्हाला माझ्या कपाटातला जुना फोन दिसला आणि तुम्ही हसलात. "आजी, दुसऱ्या कंपनीचा फोन घेऊन सहा वर्षं झाली, तरी हा अजून घरात?" असे गार्गीने विचारले. असे फोन कुठे नेऊन द्यायचे असतात, हेही ईशानने समजावून सांगितले. मी विषय बदलला. उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते, आणि आदल्याच दिवशी मला निपाणीची एक बातमी कळली होती. म्हणून आज टेबलापाशी बसून लिहिते आहे. इंग्रजीत लिहिले असते तर तुम्हाला वाचायला सोपे गेले असते, पण जिच्याबद्दल लिहायचे आहे ती मला इंग्रजीत आठवतच नाही. एखादा शब्द अडला तर आईला विचारा.

आक्काच्या अंगठ्यावर रेषा नव्हत्या. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट, दोन्ही नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. रेशनच्या दुकानातल्या यंत्राला तिचा अंगठा ओळखता येत नसे. तिच्या स्वतःच्या फोननेही पहिल्याच दिवशी तिला नाकारले. "सगळ्या मशिनी मला परकी समजत्यात बघा टीचर," ती मला म्हणायची आणि पदराने तोंड झाकून हसायची. शेवटी तिने आपल्या फोनला कुलूप लावणेच सोडून दिले. गंमत अशी की आपल्या गावच्या खासबाग, शहापूर, वडगाव या भागातल्या निम्म्या बायकांचे फोन मात्र त्याच अंगठ्याखालून गेलेले होते.

त्या रेषा कुठे गेल्या ते सांगते. आक्का वडगावच्या विणकर घरातली. लहानपणापासून ती सांधणीचे काम करायची. हातमागावर साडीचे उभे धागे संपत आले की नवे धागे लावायचे असतात. पण जुने ओढून टाकत नाहीत. मागावर उरलेल्या प्रत्येक जुन्या धाग्याच्या टोकाला नव्या धाग्याचे टोक पिळून जोडतात. बोटाला चिमूटभर राख लावायची, दोन टोके एकत्र धरायची, पीळ द्यायचा आणि पुढचा धागा उचलायचा. असे हजारो धागे. एक चुकला तर साडीभर त्याची रेघ उमटते. आक्का हे काम कन्नडमध्ये मोजत करायची, "वंदु, येरडु, मूरु", आणि मधेच मराठीत शेजारणीची चौकशी करायची. मोजणी चुकत नसे आणि चौकशीही अपुरी राहत नसे.

पुढे हातमाग बंद पडत गेले. यंत्रमागांवर तिच्या बोटांना फारसे काम उरले नाही. तिच्या भाच्याने खासबागेत मोबाईलचे दुकान काढले होते. दुपारी तो जेवायला गेला की आक्का गल्ल्यापाशी बसू लागली. बसायचे, कुणी आले तर "जेवायला गेलाय, येतंय आता" म्हणायचे, एवढेच तिचे काम.

एक दिवस येळ्ळूरची एक बाई नवा फोन घ्यायला आली. भाच्याने घाईत जुना फोन पुसून टाकला आणि मग लक्षात आले की मुलीच्या डोहाळजेवणाचे फोटो नव्यात आलेलेच नाहीत. ती बाई भांडली नाही. स्टुलावर बसून राहिली आणि पुन्हा पुन्हा तो रिकामा फोन उघडत राहिली. आक्का भाच्याला म्हणाली, "सांधायच्या आदीच कापलास की रं." दुसऱ्या दिवसापासून जुन्यातले नव्यात घालायचे काम तिने आपल्याकडे घेतले. भाचा म्हणाला, "आत्ती, तुला इंग्लिश वाचाय येत न्हाय." ती म्हणाली, "धाग्यावर काय लिवलेलं असतंय व्हय?"

तिची पद्धत ठरलेली होती. काउंटरवर सुती फडक्याची घडी घालायची, त्यावर डावीकडे जुना फोन, उजवीकडे नवा. ज्याचा फोन असेल त्याने शेवटपर्यंत शेजारी बसायचे. "ठेवून जाते, संध्याकाळी नेते" असे म्हणणाऱ्याला ती फोन परत द्यायची. आणि हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारायची, "ह्यातलं काय गेलं तर तुमचा जीव थाऱ्यावर राहणार न्हाय?" लोक आधी "सगळंच पाहिजे" म्हणत. ती गप्प बसून राहायची. मग खरे उत्तर यायचे. खानापूरच्या एका बाईने सांगितले, "पाचचा गजर. ह्यांनी लावून दिलेला हाय, आणि ते आता न्हाईत. मला लावाय येत न्हाय." आक्काने तो गजर आधी नव्या फोनवर लावला, वाजवून दाखवला आणि मग बाकीचे फोटो-बिटो हातात घेतले.

आता माझी गोष्ट. तुम्ही लहान असताना तुमच्या आईने तिकडून मला तुमच्या घरात आहे त्या कंपनीचा फोन पाठवला. तोवर माझ्याकडे दुसऱ्या कंपनीचा होता. मी एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले आहे. तेव्हा सोबत आलेली पुस्तिका वाचून सगळे मीच करायचे ठरवले. फुलस्केप कागदावर यादी केली. नंबर, फोटो, बँक, वीजबिल, चॅट. एकेक झाले की समोर बरोबरची खूण. दोन दिवसांत कागदभर खुणा झाल्या. शाळेत असते तर मी स्वतःलाच चांगले गुण दिले असते.

जुना फोन द्यायला मी खासबागेत गेले. भाचा म्हणाला, "टीचर, पुसू न्हवं?" मी म्हटले, "पुसा." आक्का कोपऱ्यात शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "थांब रं जरा." आणि मला विचारले, "टीचर, काय गेलं तर तुमचा जीव थाऱ्यावर राहणार न्हाय?"

"काही जात नाही आक्का, सगळं यादी करून घेतलंय." मी कागद दाखवला.

"यादी लई बेस हाय. मी ते इचारलं न्हाय."

मी थोडी चिडलेच. मग तोंडून आपोआप निघाले, "नातवंडांचे आवाज."

तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही दोघे एक पूर्ण वर्ष माझ्याकडे होतात. गार्गी सहा वर्षांची, ईशान चार. इथल्या अंगणात तुम्ही इथले मराठी शिकलात. परत गेल्यावर तिथून तुम्ही मला आवाजातले निरोप पाठवायचात. "आजी गं, हितं लई थंडी हाय." "आजी, कुत्रं काय करालंय?" तुमच्या आईला ते "लई" आणि "हाय" फारसे आवडत नसे. मला आवडे. मी ते सगळे निरोप ठेवले होते.

"ऐकवा की," आक्का म्हणाली.

मी नवा फोन उघडला. चॅटमध्ये आपल्या घरच्या ग्रुपचे नाव होते, आणि तेच पाहून मी खूण केली होती. आत जाऊन बघितले नव्हते. आता उघडले, तर आत काहीही नव्हते. अनुक्रमणिका पाहून पुस्तक वाचले असे समजणाऱ्या मुलींना मी वर्गात उभे करायची. त्या दिवशी भाच्याच्या दुकानात मीच तशी उभी होते. त्याचे बोट अजून जुन्या फोनवर होते. आणखी एकदा दाबले असते तर संपले असते.

आक्काने तो फोन त्याच्या हातातून काढून घेतला, फडक्यावर डाव्या बाजूला ठेवला आणि मला स्टूल दिले. "कात्री लांब ठेवा टीचर. अजून मागावर हाय सगळं."

जुना फोन पुन्हा माझ्या नंबरवर चालू केला, आणि निरोप त्यात जसेच्या तसे होते. भाच्याने दोन फोनमध्ये वायर घालून पाहिली. लिहिलेले बरेचसे गेले, आवाज गेले नाहीत. कंपनी वेगळी, त्यामुळे एकाचे दुसऱ्याला पटत नाही, असे काहीतरी तो म्हणाला. मी म्हटले, "मग आता?" आक्का म्हणाली, "मग काय, एकेक."

दुसऱ्या दिवसापासून तीन दुपारी ते काम चालले. जुन्या फोनमधला एक निरोप बाहेर काढायचा, नव्यात पाठवायचा, जुन्यात ऐकायचा, मग नव्यात ऐकायचा. दोन्हीकडे सारखा वाजला की "वंदु". पुढचा. तिने कनवटीची लाल सुताची एक दोरी काढली होती. दर दहा आवाजांना ती त्यावर एक गाठ मारायची. मी म्हटले, "आक्का, मी कागदावर लिहिते की." ती म्हणाली, "तुमच्या कागदानं कालच इंगा दाखवला न्हवं?" भाचा मोठ्याने हसला. मीही हसले. दुसरे काय करणार?

ऐकता ऐकता तिची तुमच्याशी ओळख झाली. "पोरगी मास्तरीण होणार, बघा कशी दटावत्या धाकल्याला." ईशान, तू एका निरोपात नुसताच पेरू खात होतास, शब्द एकही नव्हता. मी म्हटले, हा राहू दे. ती म्हणाली, "राहू दे कसा? मधला धागा सोडत्यात व्हय?" आणि तो सबंध, दोन्ही फोनवर, शांतपणे ऐकला.

तिसऱ्या दिवशी एकवीस गाठी झाल्या आणि वर चार. दोनशे चौदा आवाज. तीन राहिले. ते जुन्या फोनमध्ये दिसत होते, पण ना वाजत, ना हलत. भाच्याने बरीच खटपट केली. "फाइल खराब झाली टीचर. तीनच हाईत, सोडा." मी मान डोलावणार होते. आक्काने फोन बंद करून फडक्यात गुंडाळला, वरून ती लाल दोरी बांधली आणि माझ्या पिशवीत ठेवला. "तीन न्हाय जुळलं. म्हणजे ह्यो माग अजून उतरवायचा न्हाय. घरात ठेवा."

त्यानंतर खासबागेतून जाताना मी दुकानात डोकावल्याशिवाय पुढे जात नसे. "पोरं काय म्हणत्यात?" हा तिचा पहिला प्रश्न. मी तुमचा ताजा निरोप ऐकवायची. हळूहळू ते निरोप इंग्रजीत येऊ लागले. पहिल्यांदा तसा ऐकवताना मला थोडे ओशाळल्यासारखे झाले. तिने मात्र डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला. "काय बी कळलं न्हाय," ती म्हणाली, "पर आवाज वाढलाय पोराचा. आता दाढी येईल त्याला." ईशान, तू तेव्हा आठ वर्षांचा होतास.

दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांनी दगा दिला. धागा दिसेना, फोनचा पडदाही दिसेना. मुलगी तिला निपाणीला घेऊन गेली. गेल्या हिवाळ्यात मी बसने तिला भेटायला गेले. ओसरीवर उन्हात बसली होती. पावलांच्या आवाजावरून तिने मला ओळखले. चहा झाला. जवळ तंबाखूच्या वखारी असल्यामुळे हवेला वास होता, आणि ती त्याबद्दल तक्रार करत होती. मग एकदम म्हणाली, "ती तीन?"

"नाही आक्का, अजून नाहीत वाजत."

"फोन हाय न्हवं?"

"आहे. दोरीसकट आहे."

"मग काय नडलं न्हाय," ती म्हणाली, आणि माझा हात हातात घेऊन आपल्या गुळगुळीत अंगठ्याने माझी बोटे एकेक चाचपत राहिली. त्या बोटांना बहुधा मोजल्याशिवाय चैन पडत नसावे.

तीच आमची शेवटची भेट. ती गेल्याचे भाच्याने त्या शनिवारी फोनवर कळवले. म्हणाला, "आत्ती झोपेतच गेली टीचर, तरास न्हाय झाला." खासबागेतल्या दुकानात ते फडके अजून काउंटरवर असते. तो आता गिऱ्हाइकाला शेजारी बसवतो, असे त्यानेच मला सांगितले. मागच्या महिन्यात आपल्या शेजारच्या वहिनींनी नव्या कंपनीचा फोन आणला आणि माझ्याकडे मदत मागितली. मी कागद काढला नाही. काय गेले तर जीव थाऱ्यावर राहणार नाही, ते विचारले. त्या बराच वेळ विचार करत बसल्या. मीही गप्प बसले. ते मला आधी जमत नसे.

तर ईशान, तू सांगितलेल्या ठिकाणी मी तो फोन देणार नाही. न वाजणाऱ्या तीन निरोपांपैकी दोन गार्गीचे आहेत आणि एक तुझा, तेरा सेकंदांचा. त्यात तू काय म्हणाला होतास ते मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर कळव, पण त्यासाठी अडून राहू नकोस.

दर महिन्याच्या एक तारखेला मी लाल दोरी सोडते, फोन चार्ज करते आणि पुन्हा बांधून ठेवते. आज एक तारीख. फोन चालू झाला. तिन्ही निरोप त्यात आहेत.

तुमची,
आजी