गिअरबॉक्सच्या तापमानाचा दुसरा अहवाल

माझ्या वडिलांनी सैन्यात वीस वर्षं ट्रक चालवला. निवृत्तीनंतर सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्याच्या डिझेल पिकअपवर ते ड्रायव्हर झाले. त्या गाडीचा गिअरबॉक्स तापतो म्हणून ती ज्या वर्कशॉपमध्ये आली, तिथे तपासणीचं काम माझ्याकडे होतं. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिलाच. ती पदवी त्यांच्या नोकरीवर उभी आहे, हे मला कुणी सांगावं लागत नाही. म्हणूनच हे लिहायला जड जातं.

गाडी ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर आपोआप बदलतात. मालकांची पाचगणीला स्ट्रॉबेरीची शेती आहे, तिकडे वडील खत घेऊन जायचे. पसरणीचा घाट अर्धा चढला की समोरच्या पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना यायची आणि गाडीचा जोर जायचा.

"इंजिन गरम व्हत न्हाई," वडील म्हणाले. "आवाज बी बदलत न्हाई. नुसता त्यो आकडा चढतो."

मी तेलाची पातळी बघितली, बरोबर होती. तेल थोडं काळवंडलेलं, पण जळका वास नव्हता. सेन्सर खोटं बोलत असेल म्हणून खालून थर्मामीटर लावला. दोन्ही आकडे जुळले. मग गाडीतले आकडे दाखवणारा स्कॅनर जोडून, गाडीत वजन भरून आम्ही जवळच्या चढावर गेलो. वडील चालवत होते. एका ठिकाणी ब्रेक आणि रेस, दोन्ही एकाच वेळी दाबल्याचं स्कॅनरवर दिसलं.

"आबा, तुमी दोन्ही पाय वापरता?"

"देवानं दोन दिल्यात, एकाला सुट्टी कशाला?" ते हसले. मग सरळ सांगितलं, "चढाला थांबलो की डावा ब्रेकवर ठेवतो. मागं सरकू ने म्हणून."

ब्रेक दाबून रेस दिली की इंजिनाची ताकद चाकांपर्यंत न जाता गिअरबॉक्सच्या तेलातच घुसळत राहते आणि तेल तापतं. पुस्तकात हे स्पष्ट आहे. मला कारण सापडलं होतं.

एक तपासणी राहिली होती. गिअरबॉक्सचं तेल गाडीच्या तोंडाशी बसवलेल्या छोट्या कूलरमधून फिरून गार होऊन परत येतं. जाणाऱ्या आणि येणाऱ्या नळीच्या तापमानातला फरक बघायचा होता. पण वर्कशॉपमध्ये परतल्यावर एक सहकारी म्हणाला, "आज घरचंच गिऱ्हाईक. चूक माफ करशील गड्या." सगळे हसले. मीही हसलो आणि लगेच अहवाल लिहायला बसलो: बिघाड नाही, चालवण्याची सवय चुकीची. बापाची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये, एवढंच डोक्यात होतं.

मालकांनी दुसऱ्या दिवशी किल्ली काढून घेतली आणि गाडी आपल्या पुतण्याकडे दिली. वडील घरी आले. आई मला बोलली. वडील मात्र गावात कुणी विचारलं की म्हणायचे, "पोरगा शिकलेला हाय. त्यानं मशीन लावून बघितलंय."

पंधरवड्यात गाडी परत आली. पुतण्या एकाच पायानं चालवत होता, तरीही ती घाटात तापली होती.

या वेळी मी आधी नळ्यांना थर्मामीटर लावला. दोन्हींत जेमतेम फरक. तेल जसं जात होतं तसंच गरम परत येत होतं. पुढची जाळी काढली. कूलरच्या पुढे बसणारा एसीचा कंडेन्सर, बारीक पात्यांची चौकट, लखलखीत होता. तो सैल करून मागे टॉर्चचा उजेड धरला, तर कूलरवर पिवळा, वाळलेला थर. नखानं खरवडला तर हळद.

मग सगळं जुळलं. हळकुंडं घासून चकाकवणाऱ्या फिरत्या पिंपाशेजारी पिकअप एसी लावून उभी असायची. पंखा तिथं उडणारी पूड आत ओढायचा. आणि संध्याकाळी गाडी धुतल्याशिवाय वडील जागेवरून हलायचे नाहीत. सैन्यातली सवय. पुढून जोराचं पाणी मारायचे. समोरचा भाग स्वच्छ व्हायचा, पूड कालवून मागे जाऊन बसायची आणि लेपासारखी वाळायची. मागचा रेडिएटर मोठा, त्याची बरीच बाजू मोकळी राहिली, म्हणून इंजिन तापलं नाही.

कूलर साफ केल्यावर आकडा खाली आला. मी गावी गेलो. वाटेत ठरवलं होतं की नुसतं धुळीचं सांगायचं, पाण्याचं नाही.

"धूळ व्हती, आबा. तुमच्या चालवण्याचं काय नव्हतं. माझं चुकलं."

त्यांनी शेतातल्या पाटाकडे बघितलं. "कोरडी धूळ पंख्यानं उडून जाईल की. चिकटली कशी?"

मी वाकून पायाशी आलेलं गवत उपटू लागलो.

"पाण्यानं," ते म्हणाले. "म्हणजे मीच."

"तुमाला कसं कळणार आबा, ते मागं दिसत न्हाई."

"ते ऱ्हाऊ दे. कागदात लिव. पायाचं लिवलंस, आता पाण्याचं बी लिव."

मी दुसरा अहवाल लिहिला. पहिल्या ओळीत, कूलर न तपासता निष्कर्ष काढला होता, तो चुकीचा होता. खाली पाण्याचं कारण, आणि ते वडिलांनीच लिहायला सांगितल्याची नोंद. मालकांनी तो वाचून वडिलांना परत बोलावलं. "असला माणूस मला दुसरा कुठं मिळायचा," असंही म्हणाले.

गेल्या महिन्यात मी त्यांच्यासोबत पाचगणीला गेलो. पूर्वी ते गाडी कानानं चालवायचे. रस्त्यावरची नजर हलायची नाही. आता दर वळणावर डोळे पडद्यावरच्या आकड्याकडे जात होते. घाटाच्या मध्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली.

"आबा, काय तापलं न्हाई. चला की."

"तू उतरून बघ एकदा."

मी बॉनेट उघडलं, दोन्ही नळ्यांना थर्मामीटर लावला आणि आकडे सांगितले. त्यांनी मान हलवली, पण गाडी चालू केली नाही. थोड्या वेळानं त्यांनी तेच आकडे पुन्हा विचारले.