फणसाखालची मऊ माती

डोंगरावर, आमच्या काजूच्या बागेत, मुलाने घर बांधायचं ठरवलं. नकाशा काढायला पणजीहून एक पोरगी आली, माझ्या नातीएवढी. एकही झाड पाडायचं नाही म्हणाली. भिंतीच्या जागी काच, घरात बसून झाडं दिसणार. मी म्हटलं, "बाय, माकडंपण दिसतील. आणि माकडांना आम्ही." हसली. चांगली होती.

आमचा डोंगर सगळा चिऱ्याचा. पहार मारली की ठिणगी उडते. ती गड्याला जागोजाग पहार मारायला लावून बघत होती. फणसाखाली पहार हातभर आत गेली.

"आजी, इथं माती मऊ आहे! संडासाची टाकी इथंच घेऊ." आणि तिने फक्कीने चौकोन आखला.

मी खाली बसले.

माझं पहिलं चेडू, माझी मुलगी, तिथं आहे. नऊ दिवसांचं. बारसं झालं नव्हतं, म्हणून नावसुद्धा नाही. एवढ्याशा पोराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. घोवाने, तिच्या बापाने, माझ्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून नेलं. बाळंतिणीला कोण जाऊ देणार? संध्याकाळी परत आला तो हात मातीने भरलेले. म्हणाला, "सगळीकडे दगड लागला. फणसाखाली खणता आलं." तेवढंच. तो जाईपर्यंत आम्ही परत ते बोललो नाही. मुलालाही सांगितलं नाही, तो मागून झाला. काजू गोळा करताना मी त्या झाडाला वळसा घालायचे.

"आई, ऊन लागलं काय?" मुलाने विचारलं.

"टाकी तिथं नको."

"अगे, दुसरीकडे दगड फोडावा लागेल. वास्तूचं काय आहे काय?"

"तुझी बहीण आहे तिथं."

तो चौकोनापासून मागे सरला. ती पोरगी चपलेने फक्की पुसायला लागली. मी म्हटलं, "चपलेने नको, बाय." तेव्हा तिने चपला काढल्या, खाली बसून हाताने पुसली.

टाकी स्वयंपाकघरामागे गेली. बेळगावकडचे गडी आठ दिवस दगड फोडत होते. एक जण घाम पुसत म्हणाला, "आज्जी, तिकडं लोण्यासारखी माती सोडून आम्हाला इथं मारायलीस व्हय?"

"चहा घे रे," मी म्हटलं.

घणाचा एकेक घाव ऐकत मी तिथंच बसून राहायचे. हे गडी चौघे होते. घोव त्या दिवशी एकटा होता, आणि चेडू बाजूला ठेवलेलं. किती ठिकाणी पहार मारून बघितली असेल त्याने. मी कधी विचारलं नाही.